अण्णांच्या नाकातली कुमुद

"अण्णा, शिंकू नका! दाबा! गिळा! काहीही करा, पण शिंकू नका!"

सासऱ्यांशी या आवाजात बोलायची आमच्या घरी पद्धत नव्हती. पण नव्वदच्या दशकातल्या त्या रविवारी, बेंगळुरूच्या इंदिरानगरातल्या आमच्या घरात, माझी दोन वर्षांची मेहनत सासऱ्यांच्या नाकात होती.

बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात आठवडाभर यंत्रांशी भांडून मी घरी यायचो तो थेट ग्लॉक्सिनियाच्या कुंड्यांपाशी. बटाट्यासारखा कंद, सशाच्या कानासारखी लव असलेली पानं आणि घंटेसारखी मखमली फुलं! थंडीत अख्खं झाड वाळून जातं, कंद तेवढा मातीत झोपतो. (त्या रिकाम्या कुंडीशी मी तीन महिने गप्पा मारायचो, असं माझी बायको कुमुद सांगते. साफ खोटं! दोनच महिने.)

माझ्याकडे एक जांभळा होता आणि एक पांढऱ्या काठाचा लाल. दोघांचं लग्न लावून नवी जात काढायची, हौशी बागवानांच्या प्रदर्शनात मांडायची आणि तिला 'कुमुद' नाव द्यायचं, अशी घोषणा मी जेवताना करून बसलो. कुमुदनं ती दुसऱ्या दिवशी शिवाजीनगरच्या माहेरी पोचवली, आणि तिथून ती अख्ख्या गल्लीत गेली. आता माघार नाही!

मग काय! कुमुदच्या भुवया कोरायच्या चिमट्यानं जांभळ्याचे पुंकेसर उपटले, तिच्याच काजळाच्या ब्रशनं लालाचे पराग लावले, देठाला दोरा बांधला. चार लग्नं लावली, टिकलं एक. दीड महिन्यानं बोंड पिकलं. आत काय? जेमतेम तीन चिमटी तपकिरी भुकटी! जरा जोरात श्वास सोडला तर वंश बुडाला!

घट्ट झाकणाची डबी हवी होती. घरात तशी एकच होती, चार दिवस राहायला आलेल्या अण्णांची तपकिरीची रिकामी डबी. मी ती धुतली, पुसली, बी भरलं आणि (इथे माझी हुशारी बघा!) जिथून उचलली होती तिथेच, अण्णांच्या खुर्चीशेजारी, खिडकीत नेऊन ठेवली.

अण्णांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं, बोलण्यात कन्नड मिसळलेलं. पहिली चिमूट ओढून ते म्हणाले, "कुमुद, ही तपकीर कुठली गं? स्वल्प सपक आहे."

"तुमचीच असेल, अण्णा," आतून कुमुद.

सपक म्हणून त्यांनी दुसरी ओढली. तरी झोंबेना, म्हणून तिसरी. डबी संपली, तेव्हा वैतागून खिशातल्या पुडीतली खरी जहाल तपकीर वरून चढवली.

नेमका तेव्हाच मी चाळलेल्या पानखताचा ओला ट्रे घेऊन आलो. उघडी डबी पाहिली, अण्णांचे वर चढलेले डोळे पाहिले, आणि ओरडलो.

"का? काय झालं?" नाक चिमटीत धरून अण्णा.

"तुमच्या नाकात कुमुद आहे!"

"मी इकडे आहे," स्वयंपाकघरातून आवाज आला.

तेवढ्यात माझं डोकं चाललं. हे बी मातीत पुरायचं नसतंच, ओल्या खतावर नुसतं शिंपडायचं असतं! मी ट्रे त्यांच्या नाकाखाली धरला. "शिंका अण्णा! बिनधास्त!"

"अय्यो! जावयाच्या तोंडावर?"

"ट्रेमध्ये हो!"

"सरी, बरं तर," म्हणत अण्णांनी नाक सोडलं. पण साठ वर्षांचे संस्कार! ऐन क्षणी त्यांनी मान अदबीनं पलीकडे वळवली. एक शिंक, दोन, तीन! काचा हादरल्या, शेजारची कुत्री भुंकली, आणि माझा सगळा वंश कुमुदनं खिडकीत लावलेल्या ब्राह्मीच्या ओल्या घमेल्यात जाऊन पडला. ट्रे कोरा. मी तो धरून पुतळ्यासारखा उभा!

चार दिवस मी अण्णांशी बोललो नाही. त्यांनी मात्र शिवाजीनगरला परत जाताना मला तपकिरीची नवी डबी भेट दिली, "बी ठेवायला."

तीन आठवड्यांनी कुमुद ब्राह्मीला पाणी घालत होती. "अहो, या ब्राह्मीला केस आलेत!"

मी वाकून पाहिलं. लव असलेली इवली इवली पानं! निम्मी तिनं तण म्हणून उपटून टाकली होती. उरलेल्यांतलं एक सात महिन्यांनी फुललं: जांभळं, पांढऱ्या काठाचं, आणि घशात बारीक तपकिरी ठिपके.

"ते ठिपके माझे," फूल बघायला आलेले अण्णा म्हणाले.

प्रदर्शनात कुंडीवर 'कुमुद' असं कार्ड लागलं. शेजारी रेशमी साडीत खरी कुमुद, तिच्यामागे अर्धं शिवाजीनगर. परीक्षक वाकले, चष्मा सरसावला आणि कौतुकानं म्हणाले, "इतकं बारीक बी! पेरलंत कसं?"

मी घसा खाकरला. "त्याचं शास्त्र असं आहे की..."

"माझ्या वडिलांनी पेरलं," कुमुद म्हणाली. "हे ट्रे धरून उभे होते. दुसऱ्या बाजूला."