मिस्त्रींच्या लिफ्टचा एक नियम

मिस्त्री,

तुम्हाला पत्र लिहायला बसले आहे आणि तुम्हाला जाऊन दोन महिने झाले. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं हा वेडेपणा आहे हे मला कळतं; एकतीस वर्षं गणित शिकवलं आहे मी. पण तुम्ही दर शनिवारी समोर बसलेले असायचात तेव्हा माझं तोंड उघडलं नाही, म्हणून आता निदान हात चालवते. तुमच्या खेळात खोट नव्हती. खोट माझ्या वाचण्यात होती. हे तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तुम्हाला माहीत आहे हेही मला माहीत होतं. बाकी कुणालाच माहीत नाही. तेव्हा इथून पुढे त्यांच्याशी बोलते. तुम्हाला तुमचीच गोष्ट ऐकवून काय हशील?

तर आमचे मिस्त्री. लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यांचे वडील एका कचेरीच्या इमारतीत लिफ्टमन होते, पितळी दांडा फिरवून लिफ्ट चालवायची त्या काळातले. शाळा सुटली की हे लिफ्टमधल्या स्टुलावर बसून अभ्यास करायचे. "माझे पाढे वर जाताना पाठ झाले आणि खाली येताना विसरले," असं सांगायचे. सोळाव्या वर्षी पान्हा हातात घेतला तो साठीपर्यंत. लग्न केलं नाही. थोरली बहीण नवरा गेल्यावर त्यांच्याकडे येऊन राहिली, ती शिवणकाम करायची. दोन खोल्या, एकात मशीन, दुसऱ्यात हे.

आमची गाठ पडली ती वाचनालयात. वरच्या मजल्यावरच्या खोलीत दर शनिवारी दुपारी आम्ही काही रिकामटेकडी मंडळी पटावरचे खेळ खेळतो. सापशिडी नव्हे. हल्ली या खेळांचं मोठं जग झालं आहे: दरवर्षी नवे खेळ येतात, खोक्यावरचं प्लॅस्टिक फाडायचं, पुठ्ठ्यातून सोंगट्या सुट्या करायच्या, नव्या शाईचा वास घ्यायचा आणि चार म्हाताऱ्या माणसांनी एका लाकडी मेंढीवरून भांडायचं. त्या शनिवारी वाचनालयाची लिफ्ट बंद पडली होती. ती चालू करून मिस्त्री सही घ्यायला वर आले आणि दारातच थांबले.

"या, बसा," मी म्हटलं.

"हात काळे आहेत बाई. नुसतं बघतो."

दोन तास उभे राहून बघितलं. पुढच्या शनिवारी हात घासून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. मग सहा वर्षं एकही शनिवार चुकला नाही.

खेळायला ते सावकाश होते. नियमांचं पत्रक हातात आलं की पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, बोट ठेवून वाचायचे. खाली छापखान्याचा पत्ता असेल तर तोही. आमच्यातला चष्मेवाला, ज्याला जीभ आवरत नाही, तो म्हणायचा, "मिस्त्री, उद्या पेपर आहे का?"

"साहेब," मिस्त्री म्हणायचे, "आमच्या धंद्यात माणूस बारीक अक्षरामुळेच मरतो. मोठी अक्षरं सगळेच वाचतात."

मी त्यावर हसले होते. हसणं मला महागात पडायला हवं होतं, पडलं मिस्त्रींना.

आता एक आमची रीत सांगते, कारण सगळं तिच्यावरच येऊन अडतं. आमच्यातल्या कुणी स्वतः खेळ बनवून आणला तर त्याची आम्ही मुकी चाचणी घेतो. बनवणाऱ्यानं खिडकीपाशी खुर्ची टाकून गप्प बसायचं. हूं की चूं करायचं नाही. बाकीच्यांनी फक्त खोकं आणि नियमांचं पत्रक एवढ्यावर खेळ खेळून दाखवायचा, आणि शेवटी मत कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या करायच्या. ही रीत मी पाडली. चष्मेवाल्यानं एकदा स्वतःचा खेळ आणला होता आणि दर मिनिटाला "अहो तसं नाही, असं" चाललं होतं. तेव्हा मी त्याला म्हटलं, "विकला गेल्यावर प्रत्येक खोक्यातून डोकं बाहेर काढून सांगणार आहात का?" सगळे हसले. रीत पडली. पत्रक मोठ्यानं वाचायचं काम अर्थातच बाईंचं.

मिस्त्रींनी तीन वर्षं खपून एक खेळ बनवला. लिफ्टचाच. पुठ्ठ्याची आठ मजल्यांची इमारत, मधून दोऱ्यावर वरखाली होणारी काड्यापेटी, पडद्याच्या जुन्या दांडीतून काढलेल्या दोन चिमुकल्या कप्प्या. माणसं म्हणजे बहिणीच्या डब्यातली बटणं. चार खेळाडू, प्रत्येकाची तीन बटणं वेगवेगळ्या मजल्यांवर खोळंबलेली. लिफ्ट मात्र सगळ्यांत मिळून एकच. ज्याची माणसं आधी मुक्कामाला पोचतील तो जिंकला. बहिणीबरोबर तो किती वेळा खेळून झाला होता कोण जाणे. ती मला नंतर म्हणाली, "माझी शर्टाची बटणं लिफ्टमध्ये आणि गिऱ्हाईक दारात, असं चालायचं आमच्याकडे."

त्या चाचणीला प्रकाशकही आले होते. खेळ छापणारे प्रकाशक. वर्षाला दोन नवे खेळ काढतात, जास्त नाही. त्या वर्षीचा एक ठरला होता, दुसऱ्याची जागा मोकळी होती. मिस्त्रींनी त्यांना स्वतः जाऊन बोलावलं होतं. यादी पुढच्या शुक्रवारी पक्की व्हायची होती.

मी पत्रक उघडलं. मिस्त्रींच्या हातचं, वळणदार अक्षर. सामान वाचलं, मांडणी वाचली. 'पाळी कशी खेळावी' या मथळ्याखाली पहिली ओळ होती: पत्त्यांतून एक पत्ता खेळावा, तितके मजले लिफ्ट हलवावी, नवा पत्ता घ्यावा. असं मी शंभर खेळांत वाचलं आहे. म्हटलं, "हे नेहमीचंच आहे," आणि उरलेला परिच्छेद सोडून पान उलटलं. नवशिक्या माणसानं तो वाचला असता. ही चूक करायला शंभर खेळ खेळलेले असावे लागतात.

खेळ सुरू झाला. चष्मेवाल्यानं लिफ्ट चौथ्यावर नेली. नर्सनं, म्हणजे इस्पितळातून निवृत्त झालेल्या आमच्या चौथ्या भिडूनं, लिफ्ट खाली तिसऱ्यावर ओढली. प्रकाशकांनी परत वर. मी परत खाली. पुन्हा चष्मेवाला वर.

खिडकीपाशी मिस्त्रींचा हात गुडघ्यावरून उचलला गेला. मी बघितलं.

"मिस्त्री, हात खाली," मी म्हटलं. वर्गात म्हणायचे तसंच.

हात खाली गेला.

अर्धा तास काड्यापेटी तिसरा-चौथा, तिसरा-चौथा करत राहिली. एकही बटण उतरलं नाही.

"माझा माणूस आता जिन्यानं जातो," चष्मेवाला म्हणाला.

"जाऊ दे. आमच्या इस्पितळाची लिफ्ट पण अशीच होती," नर्स म्हणाली. "पेशंट वर पोचेपर्यंत बरा व्हायचा."

प्रकाशकांनी घड्याळ बघितलं. मी कागद ओढला आणि लिहिलं: 'खेळ पुढे सरकत नाही. मूळ कल्पनेतच दोष आहे. छापण्याजोगा वाटत नाही.' सह्या झाल्या. प्रकाशकांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली, मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. मिस्त्रींनी बटणं मोजून डबीत भरली. मी कनवाळूपणा दाखवावा म्हणून म्हटलं, "पत्रक द्या, शुद्धलेखन तपासून देते. पुढच्या खेळाला उपयोगी पडेल."

"बरं होईल बाई," ते म्हणाले.

मंगळवारी सकाळी लाल पेन घेऊन बसले. शुद्धलेखन तपासताना मी काही सोडत नाही. त्यामुळे तो परिच्छेद आता वाचला. त्यात एक वाक्य होतं, खाली दोन रेघा ओढलेलं: 'लिफ्ट ज्या दिशेनं निघाली त्या दिशेची सगळी माणसं उतरेपर्यंत तिला उलटी फिरवता येणार नाही.'

खरी लिफ्ट अशीच चालते. वर निघाली की वरच्यांना पोचवूनच खाली येते. मिस्त्रींनी आयुष्यभर जे हाताखालून घातलं ते त्या एका वाक्यात होतं, आणि सगळा खेळही त्यातच होता: लिफ्ट आपल्या हातात नाही, ती वर निघाली असताना आपलं कोण चढवायचं, दुसऱ्याच्या खेपेत आपलं काम कसं उरकायचं. मी पेले ओळीनं मांडून मजले केले, शेंगदाण्यांची माणसं केली आणि चौघांच्या पाळ्या एकटीनंच खेळले. दीड तास जेवायचं भान राहिलं नाही. इतका नेटका खेळ आमच्या खोलीत कधी आला नव्हता.

प्रकाशकांचा नंबर माझ्याकडे होता. यादीला तीन दिवस होते. एक फोन करायचा होता: "वाचताना माझी चूक झाली, पुन्हा खेळून बघा."

केला नाही. विसरले नाही, वेळ नव्हता असं नाही, नंबर लागला नाही असंही नाही. एकतीस वर्षं मी पोरांना 'आधी प्रश्न नीट वाच' म्हणून उभं केलं होतं. आता चष्मेवाल्यासमोर, नर्ससमोर, प्रकाशकांसमोर मी म्हणायचं की मीच वाचला नाही? एवढंच कारण. एवढ्याशा कारणासाठी माणूस इतकं करतो यावर माझा आधी विश्वास नव्हता.

शनिवारी पत्रक परत दिलं. तोवर यादीत दुसरा खेळ गेला होता, मासेमारीचा. मिस्त्रींनी पत्रक उघडलं आणि सवयीनं पहिल्या ओळीपासून बोट ठेवून बघू लागले. बोट त्या दोन रेघांपाशी आलं. त्या वाक्यात मी 'दिशेनं'ची वेलांटी लाल केली होती. म्हणजे मी ते वाक्य वाचलं होतं, हे तिथं लाल शाईत लिहिलेलं होतं. हे मला तेव्हा सुचलं, आधी नाही.

बोट थोडा वेळ तिथंच राहिलं. मग पुढे सरकलं, शेवटपर्यंत गेलं. त्यांनी घडी घालून पत्रक खिशात ठेवलं.

"आभारी आहे बाई. बऱ्याच चुका होत्या माझ्या."

"फार नव्हत्या," मी म्हटलं. यापेक्षा जास्त धैर्य मला झालं नाही.

मला वाटलं आता ते यायचे बंद होतील. तसं झालं असतं तर मी सुटले असते. पण हा माणूस दर शनिवारी येत राहिला, माझ्यासाठी खुर्ची ओढत राहिला, आणि नव्या खेळाचं पत्रक निघालं की ते माझ्याच हातात देत राहिला. मी शब्द न् शब्द वाचायला लागले. चष्मेवाला म्हणाला, "बाई, तुम्हालाही मिस्त्रींची हवा लागली." मिस्त्री हसले, सगळ्यांबरोबर हसले, आणि मान खाली घालून सोंगट्या लावू लागले. त्यांनी एकदा जरी टोमणा मारला असता तर मी भांडले असते. भांडण मला जमतं.

वर्ष गेलं. नव्या याद्यांचे दिवस पुन्हा आले. एका शनिवारी जिना उतरताना ते म्हणाले, "बाई, गुरुवारी मोकळ्या आहात? प्रकाशकांकडे जायचं म्हणतो. एकटा गेलो तर म्हणतील, आपल्याच तोंडानं आपलं कौतुक. तुम्ही फक्त पत्रक वाचून दाखवा. दुसरं काहीच बोलायला नको."

दुसरं काहीच बोलायला नको. माझ्यासाठी दार किती उघडं ठेवायचं याचा त्यांनी वर्षभर विचार केला असणार. मी म्हटलं, "अकरा वाजता दारात भेटू."

गुरुवारी मी निघाले. अकराला पाच कमी असताना प्रकाशकांच्या गल्लीच्या तोंडाशी होते. मिस्त्री पाटीखाली उभे होते. इस्त्रीचा शर्ट, काखेत कापडात बांधलेलं खोकं. मला वाटलं, वर गेल्यावर प्रकाशक विचारतील: हे वाक्य मागच्या वेळी होतं का? मग मी काय सांगू? मी औषधाच्या दुकानाच्या आडोशाला उभी राहिले. ते घड्याळ बघत होते, खोकं एका काखेतून दुसऱ्या काखेत घेत होते. सव्वाअकरा झाले. साडेअकरा झाले. मी घरी आले.

शनिवारी ते नेहमीसारखे आले. मी सबब शोधत होते, त्याआधीच त्यांनी विचारलं, "गुडघा कसा आहे बाई? मला वाटलंच, त्या दिवशी गुडघा धरला असणार."

"हो," मी म्हटलं. "फार दुखत होता."

"मग पुढच्या गुरुवारी जाऊ. घाई नाही."

"पुढच्या गुरुवारी नक्की," मी म्हटलं.

सोमवारी सकाळी एका इमारतीच्या जिन्यात त्यांच्या छातीत कळ आली. लिफ्ट बंद होती, तीच दुरुस्त करायला निघाले होते. बुधवारी ते गेले. त्याच संध्याकाळी मी त्यांच्या बहिणीला भेटायला गेले तेव्हा ते खोकं कापडात बांधलेलं मशीनवर होतं. ती म्हणाली, "तो म्हणत होता, बाईंबरोबर गुरुवारी जायचंय. खोकं उघडायचं नाही, तसंच राहू दे."

गुरुवार उजाडला. मी घरीच होते. गुडघा ठणठणीत होता.