कोठडीतलं लग्न

माझी सासुरवाडी घनसावंगीकडची. तिथं निजामाच्या काळातली दगडी कचेरी होती. निजाम गेल्यावर तिच्यात धान्याचं गोदाम झालं, मग शाळा भरू लागली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र गावात येणाऱ्या वऱ्हाडांना तीच जानवसा म्हणून मिळायची.

ऐंशीच्या दशकातल्या अशाच एका उन्हाळ्यात पिंपळगाव रेणुकाईहून आमचं वऱ्हाड ट्रकनं तिथं उतरलं. मी नवरदेव. कपडे बदलायला आडोसा हवा होता, आणि सगळ्या इमारतीत धड दार एकाच खोलीला होतं. ती जुनी कैद्यांची कोठडी. दार गजांचं, म्हणून मामांनी बाहेरून चादर बांधली आणि वाऱ्यानं उघडू नये म्हणून दार जोरात ओढून घेतलं. खाडकन आवाज झाला.

तयार होऊन मी दार ढकललं. हलेना.

"मामा, दारातलं कुलूप लागलं वाटतं."

"काहून लागंल? चाळीस वर्सं कुणी लावलं न्हाई त्ये!"

त्यांनी दोन लाथा घातल्या. दार जिथल्या तिथं, मामा मात्र पाय धरून बसले. तेवढ्यात बँड वाजवत सासरे मला न्यायला आले. चादर बाजूला झाली, आणि बाशिंग बांधलेला जावई त्यांना गजाआड दिसला. बँड आपोआप थांबला.

"चावी कुठंय?" सासऱ्यांनी विचारलं.

"हैदराबादला गेली असंल निजामासंगं," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

लोहाराला आणायला माणूस धाडला, तर तो बाजाराला गेल्ता. मुहूर्त जवळ आला. उभं राहून पाय भरून आले, पण बसणार कुठं? नवं धोतर आणि खाली गोदामाच्या काळातली धूळ. शेवटी लग्न लावणारे गुरुजीच म्हणाले, "नवरदेव येत न्हाई, तर नवरीला आना. जल्दी करा."

मंडपातलं सगळं लग्न कचेरीत आलं. गजांच्या पलीकडे नवरी उभी राहिली, मधे अंतरपाट. मंगलाष्टकं झाली, अक्षता गजांतून आत आल्या. बऱ्याचशा मामांच्याच डोक्यावर पडल्या. हार घालून घ्यायला मी तोंड गजांना लावलं, तर बाशिंग अडकलं. नवरीनं हात आत घालून ते सरळ केलं आणि हळूच विचारलं, "काय गुन्हा केलाय तुम्ही?"

मला हसू आवरेना. तोवर मी तिचा आवाजच ऐकला नव्हता. बघायच्या कार्यक्रमात तिनं नुसती मान हलवली होती. त्या कोंदट खोलीत मला एकदम बरं वाटलं.

लोहार आला, छिन्नीनं कुलूप तोडलं, आणि मग सप्तपदी झाली.

पुढं शाळेला नवी इमारत मिळाली. कचेरीत काही वर्षं दवाखाना होता, दोन हजार सालानंतर वाचनालय आलं. कोठडीचं दार भंगारात गेलं. आता तिथं पेपर ठेवतात. सासुरवाडीला गेलो की मी दुपारभर तिथंच बसतो आणि बायको जेवायला बोलवायला येते. कधीकधी तीही शेजारी बसून पुरवणी वाचत राहते, आणि घरी ताटं वाढून ठेवलेली असतात.