फ्यूझिफॉर्म म्हणजे काय

रुग्णानं पेन उचललं की बाई संमतीच्या कागदावर आडवा हात ठेवायच्या. "थांबा. काय कळलं ते आधी मला सांगा, मग सही."

परळच्या एका रुग्णालयात मी भरतीच्या खिडकीवर कारकून आणि त्या समाजसेविका. राहायला गिरगावात, बोलणं स्वच्छ, चाल भरभर. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांच्यापायी रांग हलत नाही. मी कुरकुरलो की म्हणायच्या, "रांग उभी राहील हो. त्या माणसाला टेबलावर आडवं व्हायचंय."

एकदा चिंचपोकळीचे एक आजोबा आले, बंद पडलेल्या गिरणीतले. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलेली. ऑपरेशन लवकर हवं होतं, पण आजोबा सही करेनात. "गिरणीच्या इंग्रजी कागदावर न समजता सही केली नि घरी बसलो. आता नाय." शेजारी आजी बसलेल्या.

तरुण डॉक्टर वैतागले. "बाई, फुगा आलाय म्हणून सांगा ना!"

"सांगितलं. ते विचारतात, कसला फुगा? तुम्ही फ्यूझिफॉर्म लिहिलंय. म्हणजे कसा?"

"सगळ्या बाजूंनी फुगलेला. शब्द कुठून आला ते मलाही नाही माहीत."

बाईंनी डबा तसाच ठेवला आणि ग्रंथालय गाठलं. परतल्या त्या हसतच. "मूळ लॅटिन. फ्यूसस म्हणजे सूत कातायची चाती. मुळ्याच्या आकारालाही हाच शब्द लावतात. आणि आपल्या परिभाषेत काय, तर तर्कुरूप! तर्कु म्हणजेही चातीच. ते समजवायला आणखी एक कोश लागेल."

मग आजोबांच्या खाटेवर बसून त्यांनी कागदाच्या पाठीवर चित्र काढलं. "ही तुमची नस. चातीसारखी झालीय."

आजोबांनी चित्र जवळ ओढलं. मग त्यांनी बाईंच्या हातातलं पेन घेतलं. "नुसती चाती अशी नसते, बाई. सूत भरलं की तिला पोट सुटतं." त्यांनी रेघ दुरुस्त केली. "जन्म गेलाय माझा सूत कातायच्या खात्यात." मग हळूच विचारलं, "अजून भरली तर?"

बाईंनी नजर चुकवली नाही. "फुटेल. ऑपरेशनमध्येही धोका आहे, पण त्याहून कमी."

आजोबांनी आजींकडे पाहिलं. आजींनी मान हलवली. आजोबांनी वडिलांच्या नावासकट पूर्ण सही केली.

ऑपरेशन नीट पार पडलं.

काही महिन्यांनी ते तपासणीला आले, तेव्हा बाई नव्हत्या. आजारपणात गेल्या होत्या. मी सांगितलं. नव्या तपासणीचा संमतीचा कागद मी पुढे केला, त्यावर पेन ठेवलं. त्यांनी दोन्ही माझ्याकडे परत सरकवलं.

"मग आता तुम्ही समजवा."

मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. मी खिडकी बंद केली आणि कागद घेऊन डॉक्टरांना शोधायला निघालो.