वाहत्या पाण्यातला मासा

आखाती युद्ध थांबले आणि रियाधमध्ये वसंत आला. म्हणजे दुपारपर्यंत खिडकी उघडी ठेवता येऊ लागली. अल मलाझमधल्या आमच्या घराच्या काचांवर क्षेपणास्त्रांच्या भीतीने चिकटवलेल्या तपकिरी पट्ट्या अजून तशाच होत्या. बायकोला आठवा महिना लागला होता.

पहिले बाळंतपण माहेरी होणार, हे ठरलेले होते. तिचे माहेर कृष्णाकाठी. कफीलने, म्हणजे मला इथे आणणाऱ्या अरब मालकाने, तिच्या जाण्याच्या कागदावर सही केली, तोवर विमाने बंद झाली. ती सुरू झाली तेव्हा इतके दिवस भरलेल्या बाईला कोणी तिकीट देईना. ती याबद्दल बोलत नसे. जेवतही नसे फारशी. एकदाच म्हणाली, "नदीचा मासा खावासा वाटतोय."

डोहाळे पुरवायचे असतात. त्यामुळे तो विषय आमच्या दोघांपुरता उरला नाही. खालच्या मजल्यावर रायगडच्या किनाऱ्यावरचे एक मुसलमान व्यापारी राहत. ते वर येऊन म्हणाले, "वहिनी, नदीच्या माशाला चिखलाचा वास येतो. तुम्ही घाटावरचे लोक त्यालाच चव म्हणता."

"आणि तुमच्या समुद्राला सध्या रॉकेलचा येतोय," ती म्हणाली.

आखातात तेल पसरले होते. किनाऱ्यावरून येणारी मासळी बाजारात दिसेनाशी झाली होती आणि दिसली तरी लोक घेत नव्हते. शेजाऱ्यांनी मान डोलावली. त्यांनाही कित्येक आठवड्यांत मासा मिळाला नव्हता.

माझ्या कंपनीत यंत्रांची देखभाल पाहणारा एक अमेरिकन होता. जेवणाच्या सुटीत मी त्याला हे सांगितले. तो नदीकाठच्या गावचा निघाला. वसंत म्हणजे क्रॅपी, तो म्हणाला. तळहाताएवढा, चपटा, रुपेरी अंगावर काळे ठिपके असलेला मासा. तो कसा शोधायचा हे त्याने डबा बाजूला सारून समजावले.

"धारेत शोधायचंच नाही. पाणी कोमट व्हायला लागलं की तो अंडी घालायला काठाकडे येतो. जिथं पाणी संथ होतं, एखादं झाड पडलेलं असतं, तिथं गळ टाकायचा. आणि लागला तर हिसका द्यायचा नाही. त्याचं तोंड कागदासारखं असतं. फाटतं."

त्याच्या नदीवर हे दिवस तेव्हा सुरूच होते. त्याने घड्याळ पाहिले. "तिथं अजून उजाडायचंय," तो म्हणाला आणि पुन्हा जेवू लागला.

शहराच्या दक्षिणेला, अल खर्जच्या बाजूला, एका दरीतून बारमाही पाणी वाहते आणि त्यात मासे आहेत, असे खालच्या शेजाऱ्यांनी कुठे तरी ऐकले होते. शुक्रवारी सकाळी ते, अमेरिकन आणि मी असे तिघे निघालो. जुम्म्याच्या नमाजाच्या आत परतायचे होते. निघताना बायको पाट्यावर तीळ आणि खोबरे वाटत होती. पाटा तिने माहेराहून आणलेला होता.

पाणी खरेच वाहत होते. दोन्ही काठांना उंच बोरू, मधे हिरवट धार. अमेरिकन धारेकडे न पाहता काठाने चालत गेला. पाण्यात आडवे पडलेले खजुराचे खोड सापडले तिथे थांबला. गळ टाकला. दोरीवरचे तरंगते बूच थोडे हलले आणि बुडाले. तो हळूहळू, अगदी जपून, दोरी वर घेऊ लागला.

"अरे यल्ला, ओढ की!" शेजारी मराठीतच ओरडले. "पालखीतून नवरी उतरवतोय काय?"

त्याला शब्द कळले नाहीत, पण तो हसला. मासा बाहेर आला. जाड ओठांची चिलापी. हिसका दिला असता तरी काही बिघडले नसते. त्याचा नियम मात्र त्या पाण्यालाही लागू पडला. त्याच खोडापाशी आणखी चार मासे लागले.

पलीकडे एक म्हातारा मेंढ्या चारत होता. शेजाऱ्यांनी त्याला अरबीत विचारले, पाणी कुठून येते? त्याने शहराच्या दिशेने हात केला आणि नाकाला उपरण्याचे टोक लावले. शेजारी परत आले. "आपल्याच मोऱ्यांचं," ते म्हणाले. "साफ करून सोडतात म्हणे. खलास."

या देशात नदी नाही, हे आम्हा तिघांना माहीत होते. पण आम्ही नदीकाठची आणि खाडीकाठची माणसे. वाहते पाणी दिसल्यावर ते कुठून येते, हे निघताना कोणालाच विचारावेसे वाटले नव्हते. अमेरिकनाने मासे एकेक करून पाण्यात सोडले. शेवटचा त्याने थोडा वेळ हातात धरला.

घरी पोचलो तेव्हा वाटण परतून झाले होते. जिन्यापर्यंत वास येत होता. मी जे झाले ते सांगितले. तिने रिकाम्या पिशवीकडे पाहिले आणि दोन बटाटे चिरून रश्शात टाकले. जेवायला बसल्यावर बराच वेळ भात कालवत राहिली.

"वाहत होतं का?"

"हो."

"आवाज येत होता?"

मी पाहिले तेवढेच सांगितले. पात्र आमच्या गल्लीएवढे रुंद. बोरू माणसापेक्षा उंच. धारेला आवाज नाही. जिथे दगड आहेत तिथे आहे. खोडाजवळ पाणी गरगरत फिरते आणि मग पुढे जाते. कडेला साबणासारखा फेस, हेही सांगितले.

"असू दे," ती म्हणाली. "कुठल्या दिशेला जातं?"

"दक्षिणेला."

"आमची कृष्णाही गावच्या घाटापासून दक्षिणेलाच वळते."

तिने घास घेतला. मग आणखी रस्सा वाढून घेतला आणि म्हणाली, "खोडाचं परत सांगा."