दहा मोजेपर्यंत

भरभरताईकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते जिन्यात. मी या इमारतीत नुकतीच राहायला आले होते आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन वर चढत होते. ती खाली उतरत होती. आम्ही एकमेकींच्या शेजारून गेलो, तेवढ्यात तिनं मला मुलाची परगावची नोकरी, सुनेचा स्वभाव, स्वतःचा गुडघा आणि गच्चीवरची गळकी टाकी हे सगळं सांगून टाकलं. वर मलाही प्रश्न विचारले आणि उत्तरंही स्वतःच दिली. "एकट्याच ना? शाळेत होता ना? वाटलंच, हात वर न करता बोलले तर रागावाल असा चेहरा आहे." मी तोंड उघडेपर्यंत ती फाटकाबाहेर पोचली होती.

तिला खरं नाव आहे, पण ते विजेच्या बिलापुरतं. इमारतीतली मुलं तिला भरभरताई म्हणतात, आणि मग ओघानंच तिच्या नवऱ्याला सावकाशराव. त्यांचा जन्म एका वजनकाट्यावर गेला. मालानं भरलेला ट्रक काट्यावर चढला की तो डोलायचा पुरता थांबेपर्यंत आकडा लिहायचा नाही, हा त्यांचा नियम. ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवले, हातापाया पडले, चहा पाजले, पण आकडा ठरल्याशिवाय पेन टेकलं नाही. निवृत्त झाल्यावर हा नियम ते घरी घेऊन आले. "चहा घेणार का?" असं विचारलं तरी आतून सगळं स्थिर झाल्याशिवाय ते उत्तर देत नाहीत. तोवर भरभरताईचा चहा करून, पिऊन, कप विसळून झालेला असतो.

सावकाशरावांच्या थोरल्या बहिणीचं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे. तिथे भरभरताई बरीच वर्षं काउंटरवर बसत असे. ही नणंद रागावणारी बाई नाही. रागावली असती तर परवडलं असतं. ती गिऱ्हाइकांसमोर गोड हसून म्हणायची, "आमची ही बोलते छान, काम मात्र मागून एकदा बघावं लागतं." एके दिवशी ती म्हणाली, "अगं, जरा दम घे, बाळ घाबरलं बघ." बाळ खरंच रडत होतं. ते टोपी घट्ट होती म्हणून, असं भरभरताईचं म्हणणं. तिनं टोपी बाळाच्या आईच्या हातात दिली, पर्स उचलली आणि दारातून जाहीर केलं की आता ती स्वतःचं काहीतरी करणार.

काय करणार, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. बोलणं पुढे आणि विचार मागे, ही तिची नेहमीची चाल. पण घरी येताना एका भिंतीवर नक्षीच्या कुकीज शिकवण्याच्या वर्गाची जाहिरात दिसली आणि दाराची कडी काढेपर्यंत निर्णय झाला. नणंदेनं फोनवर आशीर्वाद दिला, "कर की! नाही जमलं तर काउंटर कुठे पळून जातोय?" हे तिनं इतक्या मायेनं म्हटलं की भरभरताईला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. काहीही झालं तरी त्या काउंटरमागे परत बसायचं नाही, एवढं एकच तिच्या मनात राहिलं.

कुकीज पहिल्या दिवसापासून उत्तम झाल्या. घोडं पेंड खाऊ लागलं ते आयसिंगवर. वर्गात शिकवलं होतं ते असं: आधी घट्ट आयसिंगनं कडेकडेनं बांध घालायचा, तो सुकला की आत पातळ आयसिंग सोडायचं. पातळ म्हणजे किती, याचीही खूण होती. वाडग्यातल्या आयसिंगमध्ये सुरीच्या टोकानं रेघ ओढायची आणि दहा मोजायचे. दहाला रेघ मिटून सगळं सपाट झालं की बरोबर. आधी मिटली तर फार पातळ, म्हणून पिठीसाखर घाला. तरी दिसत राहिली तर फार घट्ट, म्हणून थेंबभर पाणी घाला.

भरभरताईनं हे शब्दशः पाळलं. ती रेघ ओढायची, "एकदोनतीनचारपाचसहासातआठनऊदहा" म्हणायची, आणि रेघ अर्थातच तिथेच असायची. "घट्ट!" की पाणी. पुन्हा रेघ, पुन्हा दहा, पुन्हा पाणी. शेवटी रेघ तिच्या दहाला मिटायला लागली की ती समाधानानं मेंदीच्या कोनासारखा कागदी कोन भरायची, आणि आयसिंग बांध ओलांडून ट्रेवर, ट्रेवरून ओट्यावर जायचं. मग साखर. साखर जास्त झाली की पाणी. छोट्या वाडग्यात सुरू झालेलं आयसिंग दुपारपर्यंत मोठ्या पातेल्यात गेलेलं असायचं. आम्ही शेजारी ते खायला तयार होतो, पण त्यालाही मर्यादा असते.

तिनं आधी साखरेला दोष दिला, मग त्यात घोटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याला, हवेला, वर्गातल्या बाईंना आणि शेवटी, घरातला रिवाज म्हणून, नवऱ्याला. मी एकदा म्हटलं, "घड्याळ बघून का मोजत नाहीस?" तर म्हणाली, "बाई, डोळे रेघेवर ठेवू की भिंतीवर?" मला ते पटलंही. तिच्या स्वयंपाकघरात शिरलं की माणूस तिच्याच वेगानं विचार करायला लागतो, म्हणजे करतच नाही. सावकाशराव मात्र कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून रोज सुरुवात करायचे, "मला काय वाटतं..." आणि काय वाटतं ते ठरेपर्यंत ती म्हणायची, "तुम्ही गप्प बसा हो, मला मोजू द्या."

अशात नणंदेनं स्वतःच ऑर्डर दिली. दुकानाचा वाढदिवस होता. येणाऱ्या मुलांना झबली आणि टोपड्यांच्या आकाराच्या कुकीज द्यायच्या होत्या. "जमलं तर आनंदच आहे," ती म्हणाली, "नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नकोस. पहिल्या तारखेपासून ये." आम्हा सगळ्या शेजाऱ्यांना यातला दुसरा भाग पहिल्यापेक्षा मनापासूनचा वाटला.

कुकीज न्यायला नणंद येणार त्या दुपारी मी मदतीला म्हणून गेले होते. मदत म्हणजे टेबलावरून हात काढून बसणं. ट्रेमध्ये झबली मांडलेली, बांध सुकलेले. पातेल्यात नुकतीच साखर पडली होती. भरभरताईनं रेघ ओढली, दहा म्हणून टाकले, पाण्याचा चमचा उचलला आणि फोन वाजला. नणंदेचा होता.

"हो ताई. होत आलं ताई. नाही ताई, अजिबात घाई नाही ताई." चमचा हवेतच. तिनं फोनवर हात ठेवला आणि नवऱ्याकडे वळून ओरडली, "अहो, बसलात काय? ती रेघ ओढा पुन्हा, आणि मोजा!"

सावकाशराव उठले. चष्मा पुसला. सुरी पुसली. रेघ ओढली. "एक," ते म्हणाले, आणि ट्रक डोलायचा थांबावा तसे थांबले. "दोन." तोवर माझे मनातल्या मनात दहा मोजून झाले. फोनवर नणंद कुठल्याशा फुग्यांबद्दल सांगत होती. "सात," असं ऐकू आलं तेव्हा मी पातेल्यात वाकून पाहिलं. रेघेच्या दोन्ही कडा एकमेकींकडे सरकत होत्या. "नऊ"ला नुसती सावली उरली. "दहा." पातेलं आरशासारखं सपाट.

"झालं," ते म्हणाले. "मला काय वाटतं, तू फार लवकर..."

"तुमचा एक दहा म्हणजे माझे तीन जन्म!" फोन ठेवत ती म्हणाली. पण नणंद घरून निघाली होती, आता पाणी घालायलाही वेळ नव्हता. आहे तेच आयसिंग तिनं कोनात भरलं आणि पहिल्या झबल्यात सोडलं. ते बांधापर्यंत गेलं, बांधाला टेकलं आणि तिथेच राहिलं. तिनं सुईच्या टोकानं कोपऱ्यात ढकललं, तर शहाण्या मुलासारखं कोपऱ्यात जाऊन बसलं. तिनं एकामागून एक ट्रेमधली झबली भरली.

"साखर आज चांगली लागली," शेवटी ती म्हणाली.

सावकाशरावांनी मान डोलावली. त्यांना त्यातच सगळं मिळालं असावं. पुढच्या पातेल्याच्या वेळी तिनं न बघताच सुरी त्यांच्या हातात दिली. त्या दिवसापासून त्यांना कामाचा इतका भार वाटू लागला की ते "एक" म्हणण्याआधी खाकरू लागले. रेघ त्यांच्या दहाच्या आतच मिटायची, मग साखर पडायची, आणि आयसिंग घट्ट व्हायला लागलं. आता आमच्या जिन्यात रोज ऐकू येतं, "उरका हो जरा! सातवर काय मुक्काम केलात?" ते लांबवतात, ती ओरडते, या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आयसिंग बरोबर होतं.

त्या दुपारी नणंद आली, तोवर पंख्याखाली आयसिंगनं वर साय धरली होती. तिनं एक झबलं उचललं, उलटं केलं, नखानं कड तपासली, हुंगलं. खोट काढायला जागा सापडेना, तेव्हा म्हणाली, "टोपड्यांचा निळा जरा जास्तच निळा झालाय."

"तुमच्या दुकानातल्या टोपड्यांसारखाच आहे, ताई. जुळवून घेतलाय," भरभरताई म्हणाली आणि डब्यांना झाकणं लावायला लागली.

नणंदेनं डबे उचलले. दारात थांबून भावाकडे पाहिलं. "मग काउंटरवर आता कोण बसणार? हाच येऊ दे की. रिकामाच असतो दिवसभर."

सावकाशराव उत्तराची जुळवाजुळव करत होते. त्यांच्याआधी भरभरताई बोलली. "त्यांना सवड नाही, ताई. ते कामावर आहेत."

सध्या त्या घरी सोमवार सोडून रोज कुकीजचं काम असतं, आणि दुकानातल्या काउंटरवर नणंद स्वतः बसते.