कडुनिंबाखालची हजेरी

आमच्या जळकोटकराला 'नाही' हा शब्द ऐकूच येत नसे. बारावीसाठी लातूरला रूम करून राहिलो तेव्हा हा माझा रूम पार्टनर. गाव जळकोट, म्हणून सगळे त्याला जळकोटकरच म्हणत. खरं नाव त्याला स्वतःला तरी पटकन आठवत असेल का, मला शंकाच आहे. मेसवाल्या मावशींनी शिऱ्याचं पातेलं झाकून 'संपला बाबा' म्हटलं, की हा ताट धरून शेजारी उभा. भांडायचा नाही, गयावया करायचा नाही, नुसता उभा राहायचा. "तुम्ही निवांत कामं करा मावशी, मी हायच की." शेवटी मावशी बेजार होऊन स्वतःच्या वाटणीचा शिरा त्याच्या ताटात लोटत. त्यातला निम्मा तो मला देई, त्यामुळे मीही त्याला कधी टोकलं नाही.

त्याच वर्षी भूकंप झाला, त्या रात्री तो गणपती शिरवायला आत्याच्या गावी गेला होता. विसर्जनाच्या मिरवणुकीत नाचून नाचून दमला आणि अंगणातच बाजेवर आडवा झाला. पहाटे घराचं मातीचं माळवद खाली आलं. ढिगाऱ्यातून काढली तेव्हा आत्या बोलत होती, पण डॉक्टर कुठून आणायचा? आत्या गेली, हा वाचला. एवढं त्यानं मला एकदाच सांगितलं, मेथी निवडता निवडता. तिथून आला तो छताखाली जायचं नाही असं ठरवूनच. झोप अंगणात, जेवण मेसच्या उंबऱ्याबाहेर, आणि कॉलेजात बैठक वर्गाच्या खिडकीशी, कडुनिंबाखाली. तिथून तो फळा बघून लिहून घ्यायचा आणि केमिस्ट्रीच्या सरांनी नंबर पुकारला की खिडकीतून खणखणीत ओरडायचा, "हाजर सर". वर्ग फिदीफिदी हसायचा. "आत असेल त्याचीच हजेरी," सर मान वर न करता म्हणायचे. लॅबमध्ये तर त्यानं पाऊलच टाकलं नाही.

व्हायचं तेच झालं. हजेरीपायी प्रॅक्टिकलचे मार्क निम्मे कापले गेले, आणि हेच मार्क पुढे बोर्डाकडे जाणार होते. मेडिकलला तेव्हा एकेका मार्कावर पोरं बाहेर फेकली जात, आणि आत्या गेल्यापासून याला डॉक्टरच व्हायचं होतं. "चल, सरांकडं जाऊ," तो म्हणाला. मी कशाला, असं विचारायची सोयच नव्हती, कारण तोवर त्यानं माझ्या चपला माझ्यापुढे आणून ठेवल्या होत्या.

सर सकाळी घरी बॅच घ्यायचे. तीही अंगणात, ताडपत्रीखाली, कारण स्लॅबखाली पोरं पाठवायला आईबाप तयार नव्हते. जळकोटकर फाटकाशी उभा राहिला. सर म्हणाले, नियम आहे. हा म्हणाला, हाव सर. आणि उभाच. दुसऱ्या दिवशी उभा, तिसऱ्या दिवशी उभा. सरांच्या बायकोनं चहा दिला, तो पिऊन, कप विसळून पुन्हा उभा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. अखेर सर उठून आले. "तू इथं जन्मभर उभा राहिलास तरी बोर्डाचा पेपर काही कडुनिंबाखाली होणार नाही. मग काय करशील?"

जळकोटकर फाटकाची कडी चाळवत म्हणाला, "भ्या वाटतंय सर."

सरांनी भिंतीला टेकवलेली बाज दाखवली. "मीही अजून बाहेरच झोपतो. लॅबचं कुलूप काढलं की रोज आधी छताला तडा गेलाय का बघतो." मग जरा थांबून म्हणाले, "मार्क फुकट देणार नाही. राहिलेली प्रॅक्टिकलं लॅबमध्ये येऊन कर. मी दार धरून उभा राहतो. काही हाललं तर आधी तू बाहेर, मग मी."

आणि उभे राहिले. जळकोटकराची नजर सारखी वर छताकडे, त्यामुळे पहिल्यांदा ब्युरेटमधून थेंब जास्त पडले आणि चंबूतलं पाणी फिकट गुलाबी व्हायचं ते पार लालभडक झालं. "ओत ते. पुन्हा कर," सर दारातून म्हणाले, "मी हाय इथं." एरवी सर इतकं शुद्ध बोलायचे की आम्ही त्यांच्या नकला करायचो. सगळी प्रॅक्टिकलं संपेपर्यंत त्यांनी ते दार सोडलं नाही. मार्क बदलले. बोर्डाचा पेपर जळकोटकरानं आत, दाराजवळच्या बाकावर बसून दिला.

आता तो उदगीरला डॉक्टर आहे. त्याच्या दवाखान्याचं दार कधी बंद नसतं. हिवाळ्यात पेशंट कुडकुडतात, पण सांगणार कोण? मागे सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन लातूरला झालं, तेव्हा हा आपली ओपीडी टाकून आला आणि थिएटरच्या दाराला हात लावून उभा राहिला. नर्स म्हणाली, डॉक्टर, इथं थांबायचं नाही. याला अर्थातच ऐकू आलं नाही. मी बाकावर बसून बघत होतो. सर फारच थकलेत. त्यांना बाहेर आणलं तेव्हा डोळ्यावर पट्टी होती, हात हवेत काहीतरी चाचपत होता.

"जळकोटकर आहे का रे?" त्यांनी विचारलं.

त्यानं तो हात धरला आणि अगदी हळू म्हणाला, "हाजर सर."