खैरुद्दीनने रांग मोडली

खैरुद्दीन रेवदंड्याचा. शारजात विमानतळाच्या बाजूला आम्हा कोकणी माणसांची खानावळ होती, तिथला तो आचारी. पासष्ट सालच्या आसपासची गोष्ट. माणूस असा, की भात जरा चिकट झाला तर दिवसभर कुणाशी बोलायचा नाही, आणि छान झाला तर दुसऱ्याला बोलू द्यायचा नाही.

आमच्या जमातीने एक रिवाज ठेवला होता. शुक्रवारच्या नमाजानंतर मशिदीच्या अंगणात निराधार म्हाताऱ्यांना जेवण. बहुतेक जुने पाणबुडे, मोत्यांसाठी समुद्रात उतरणारे. तो धंदा बसला, पोरं पांगली, छाती तेवढी खराब होऊन उरली. जमातीचे प्रमुख अलीमियाँ रांग लावायचे, खैरुद्दीन डेगीतून वाढायचा. भांडं पुढे करायचं, घ्यायचं, खलास.

त्या रांगेत एकदा एक गोरा म्हातारा आला. एर्नो त्याचं नाव. दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईत घड्याळं दुरुस्त करायचा, मग इंग्रजांच्या तळावर यंत्रांच्या कामाला इथे आला. नजर अधू झाली तसं काम गेलं, आणि परत जायला घर कुठेच नव्हतं. त्याची पाळी आली, खैरुद्दीनने पळी उचलली, आणि हा भांडं मागे घेऊन चालता झाला.

खैरुद्दीनला वाटलं, याने वासावरूनच आपल्याला नापास केलं. पुढच्या शुक्रवारी तो डबा घेऊन त्याच्या खोलीवर गेला. दार उघडलं नाही. डबा उंबऱ्यावर ठेवला, तो बकऱ्यांनी खाल्ला. म्हातारा मात्र दिसेल तेव्हा आधीपेक्षा वाळलेला. शेजारी सांगायचे, काळ्या चहात पाव बुडवून राहतो. आम्ही म्हणालो, मस्ती आहे, सोड त्याला.

खैरुद्दीनने सोडलं नाही. एक दिवस डबा न घेताच गेला आणि नुसता बसला. तेव्हा म्हाताऱ्याने मोडक्या हिंदीत सांगितलं. तो यहुदी. लढाईत जर्मनांच्या छावणीत होता, घरची सगळी माणसं तिथेच मारली गेली. तिथे रोज रांगेत वाडगा पुढे करायचा. सूप वर नुसतं पाणी, जे काही असेल ते तळाशी. पळी किती खोल जाणार ही वाढणाऱ्याची मर्जी, आणि माणूस जगणार की नाही ते त्यावर.

"फिर कभी कटोरा आगे नहीं करूँगा," म्हणाला.

खैरुद्दीन तडक अलीमियाँकडे. रांग बंद करू, चटया घालू, आपल्या लग्नात बसतो तसे एका थाळ्याभोवती चौघे-चौघे बसवू. अलीमियाँ म्हणाले, एवढा वेळ आहे कुणाकडे, आणि त्या यहुद्याच्या थाळ्यावर बसणार कोण?

"चाचा, रेवदंड्यात आमच्या शेजारी शनवारतेली. यहुदीच ते. आमच्या लग्नात मानाने बसायचे. समुद्र ओलांडला म्हणून परके झाले?"

"मग तूच बस त्याच्याबरोबर."

"बसतो की. पण तुम्ही पण बसा. प्रमुख लांब उभा राहिला तर तो थाळा कसला?"

शुक्रवारी खवल्यांचा मासा केला. यहुद्यांना बिनखवल्याचं चालत नाही; रेवदंड्याचे ते शेजारी कोळंबीला हात लावत नसत, हे खैरुद्दीन लहानपणापासून बघत आलेला. म्हाताऱ्याला पाहुणा म्हणून बोलावून आणलं. त्याच्या एका बाजूला अलीमियाँ, दुसऱ्या बाजूला एक पाणबुडा, समोर खैरुद्दीन. भात वाफाळतोय, आणि म्हातारा हात मांडीवर ठेवून बसलाय.

आमच्यात थाळ्यावरचा सर्वांत वडीलधारा पहिला घास घेतो. तोवर कुणी हात घालायचा नाही. हा मान कायम अलीमियाँचा. त्यांनी हात पुढे नेला, मधेच थांबवला, आणि म्हाताऱ्याला वय विचारलं. ते त्यांच्याहून जास्त निघालं. अलीमियाँनी हात मागे घेतला.

"आप शुरू करो. आपसे पहले यहाँ कोई नहीं खायेगा."

म्हातारा बराच वेळ थाळ्याकडे बघत राहिला. पाणबुडा कुरकुरला, भात गार होतोय म्हणून. मग म्हाताऱ्याने चार बोटांनी घास उचलला, अर्धा सांडला, उरलेला खाल्ला. मग दुसरा घेतला. तेव्हा कुठे बाकीचे जेवणावर तुटून पडले.

पुढे तो दर शुक्रवारी यायचा, शेवटपर्यंत. यायला उशीर झाला की अलीमियाँ भुकेने वैतागायचे, खैरुद्दीनला बोल लावायचे, पण थाळ्यात हात काही घालायचे नाहीत.